चॉकलेटची चांदी

चॉकलेट खाऊन झाले की हातात उरते ते वेष्टन. मुले त्याला चांदी म्हणतात, घरातली मोठी माणसे नुसता कागद म्हणतात, आणि कचरा वेचणाऱ्या बाईच्या हिशेबात ते धरलेच जात नाही. असे का, हे आधी पाहू. ते एकदा ध्यानात आले, की या चांदीचे काय करावे आणि काय करू नये, हेही सुचत जाते.

रावळगावच्या गोळ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत, त्यांना दोन्ही टोकांना पीळ दिलेला रंगीत कागद आठवत असेल. असा पारदर्शक कागद म्हणजे सेलोफेन. ब्रँडेनबर्गर नावाच्या स्विस रसायनज्ञाने 1908 च्या सुमारास तो शोधून काढला. आपण त्यालाच जिलेटीनचा कागद म्हणतो आणि आकाशकंदिलाला लावतो. वास्तविक त्यात जिलेटीन नसते, तो लाकडाच्या लगद्यापासून होतो. त्याला दिलेला पीळ सुटत नाही. म्हणून तर मुली मधोमध गाठ मारून त्याची घेरदार झग्याची बाहुली करीत. चॉकलेटच्या वडीला तेव्हा आत खरा ॲल्युमिनियमचा वर्ख आणि बाहेर कागद असे, दोन्ही सुटे. वर्ख नखाने गुळगुळीत करायचा नि पुस्तकात ठेवायचा, हा पुष्कळांचा उद्योग होता.

मग हे का बदलले? एक कारण आपल्या राज्यातच घडले. 2003 च्या ऑक्टोबरात कॅडबरीच्या वड्यांत अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या प्रकरणात लक्ष घातले. 2004 च्या जानेवारीत कंपनीने नवे वेष्टन आणले. घडी घातलेला वर्ख जाऊन उष्णतेने चिकटवलेला वर्ख आला, आणि त्यावर प्लास्टिकचे बंद पाकीट. कीड, ओल, हवा यांना दार बंद झाले. खाणाऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, यात वाद नाही.

पण आज चिवडा-वेफर्सची पाकिटे घ्या की पुष्कळशा चॉकलेटची, त्यांतली चांदी हा सुटा वर्ख नसतो. प्लास्टिकच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते. हा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ! त्यावर छपाई, मग आणखी एक पापुद्रा. वितळवून पुन्हा वापरावे म्हटले, तर हे थर सहजी सुटे होत नाहीत. रद्दीचा भाव वजनावर ठरतो आणि वेष्टनाला वजन जवळजवळ नाहीच. बाटली उचलली तर चार पैसे मिळतात. पण मूठभर चांदी गोळा करायला पाठ तितकीच वाकवावी लागते आणि हाती काही पडत नाही. पुण्यात 2008 पासून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करते. वारज्याच्या एखाद्या सोसायटीच्या दारात ओल्या-सुक्याची निवड करणाऱ्या बाईकडे घटकाभर पाहा, म्हणजे कुठली वस्तू ती लगेच बाजूला घेते आणि कुठली मागे राहते, हे न विचारता कळेल.

तुमच्या हातातली चांदी कोणती, हे ओळखणे अगदी सोपे आहे. मुठीत चुरगाळा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर तो खरा वर्ख. फुलासारखे उलगडू लागले, तर ते प्लास्टिक समजा.

आता गंमत बघा. जे गुण भंगारात अडचणीचे, तेच हातकामात उपयोगी पडतात. वेष्टन चिवट असते, हलके असते, भिजत नाही. म्हणून ते वितळवण्यापेक्षा विणावे, हा विचार पुण्यात काही जणांनी केला. अमिता देशपांडे यांची 'रीचरखा' आणि नंदन भट यांची 'इकोकारी' हे दोन उद्योग वेष्टने व पिशव्या धुऊन, वाळवून, त्यांच्या लांब पट्ट्या कापतात. पट्ट्या चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर आडव्या धाग्याच्या जागी घालून कापड विणतात. त्या कापडाच्या पिशव्या नि बटवे होतात. आणि मुख्य म्हणजे, ज्या जिनसेला कोणी विचारीत नव्हते तिच्यावर काही हातांना काम मिळते. अनीश मल्पानी यांच्या 'आशय' या पुण्यातल्याच उपक्रमाने दुसरी वाट धरली. वेफर्सच्या पाकिटांतले प्लास्टिक रासायनिक रीतीने वेगळे करून 2023 साली त्यांनी त्याचे उन्हाचे चष्मे केले. ते काम मात्र प्रयोगशाळेचे, घरचे नव्हे.

घरी काय कराल? गोंद-दोरा न लागणारी एक साखळी सांगतो. धुऊन कोरड्या केलेल्या वेष्टनाचा 5 सेंटीमीटर रुंद व 11 सेंटीमीटर लांब तुकडा कापा. लांबीच्या दोन्ही कडा मध्यावर आणून मोडा, मग पुन्हा लांबीतच दुमडा. सव्वा सेंटीमीटर रुंदीची चौपदरी पट्टी होईल. आता तिची दोन्ही टोके मध्यावर आणा आणि मध्यावरच पट्टी दुमडा. दोन पायांचा एक दुवा तयार झाला. प्रत्येक पाय दुपदरी असल्यामुळे त्यात फट असते. दुसऱ्या दुव्याचे दोन पाय या दोन फटींतून ओवा नि ओढून घ्या. तिसरा दुवा दुसऱ्यात. नागमोडी पट्टा वाढत जाईल. असे पट्टे कडेला कडा लावून शिवले की बटवा होतो. पहिले चार-पाच दुवे वेडेवाकडे होतात, होऊ द्या. घडी बसत नसेल तर वेष्टन रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा.

शाळांच्या प्रदर्शनांत 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाखाली पुठ्ठ्यावर भरपूर गोंदाने चिकटवलेली चांदीची फुले दिसतात. मला विचाराल तर ती टिकाऊ नव्हेत. प्रदर्शन उठले की पुठ्ठाही वाया आणि चांदीही. गणपतीच्या आराशीतल्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 साली बंदी आली. त्याच्या जागी चिकटवलेली चांदी आणली, तर आपण काय मिळवले? दोऱ्यात ओवलेल्या पताका करा, म्हणजे उतरवून पुढच्या वर्षी पुन्हा बांधता येतील.

आणखी एक. पाकीट उघडताना कोपरा फाडून टाकू नका. तो नखाएवढा तुकडा कुणालाच वेचता येत नाही. वारज्याच्या टेकडीवर वनखात्याच्या जमिनीवर स्मृतिवन वाढवले आहे. 2020 च्या पर्यावरणदिनी देशभरच्या नगरवनांसाठी नमुना म्हणून त्याचेच उदाहरण दिले गेले. तिथल्यासारख्या गवतात असा तुकडा पडला, की पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात, आणि ओढ्यातून खाली मुठेत. कात्रीने वरची कड सरळ चिरा, पण कडेला थोडी जोडलेली राहू द्या. म्हणजे वेष्टन एकसंध राहील, विणणाऱ्याला लांब पट्टी मिळेल, आणि तुम्हालाही 11 सेंटीमीटरचा तुकडा कापता येईल.