मुलांसाठी शाळा निवडताना

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की धर्मग्रामाच्या कार्यालयात स्नानसंस्काराच्या दाखल्यासाठी पालकांची ये-जा वाढते. दाखल्याबरोबर धर्मगुरूंच्या शिफारसपत्राचीही अपेक्षा असते. अशाच एका वर्षी एक तरुण दांपत्य आमच्याकडे आले होते. मुलगी जेमतेम साडेतीन वर्षांची. पत्र हाती पडताच मुलीचे वडील समाधानाने म्हणाले, "फादर, एकदा हिला आपल्या शाळेत घेतलं की आम्ही सुटलो. प्रार्थना, धर्मशिक्षण सगळं तिथंच होईल."

त्या वडिलांचा हेतू चांगला होता. आपली मुलगी श्रद्धेत वाढावी असे त्यांना मनापासून वाटत होते. तरीही 'आम्ही सुटलो' हे शब्द आमच्या मनात घर करून राहिले. कॅथोलिक शाळा निवडणे म्हणजे नेमके काय निवडणे, याचा विचार पालकांनी अर्ज भरण्यापूर्वीच करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

पहिले शिक्षक कोण?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, हे त्यात स्पष्टपणे सांगितले आहे. त्या जाहीरनाम्याला साठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा, ऑक्टोबर २०२५ मध्ये, पोप लिओ चौदावे यांनी शिक्षणाविषयी प्रेषितीय पत्र लिहिले आणि कुटुंबाच्या या स्थानाचे पुन्हा स्मरण करून दिले. शाळा पालकांना साहाय्य करते, ती पालकांची जागा घेत नाही.

ख्रिस्तसभेची १९८३ ची कायदासंहिताही हेच सांगते. तिच्या ७९७ व्या कलमानुसार शाळा निवडण्याचे खरेखुरे स्वातंत्र्य पालकांना असले पाहिजे. ७९८ वे कलम म्हणते की, पालकांनी मुलांना कॅथोलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत पाठवावे. ते शक्य नसल्यास शाळेबाहेर तसे शिक्षण मिळेल याची तजवीज करण्यास ते बांधील आहेत. म्हणून ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या वा अन्य शाळेत शिकतात त्यांनी मनात अपराधी भावना बाळगू नये. मात्र त्यांच्यावरील जबाबदारी कमी होत नाही, एवढे ध्यानी घ्यावे.

नावावर जाऊ नका

आज 'सेंट' वा 'कॉन्व्हेंट' ही अक्षरे अनेक फलकांवर दिसतात. त्यांपैकी काही शाळांचा ख्रिस्तसभेशी काडीचाही संबंध नसतो. कायदासंहितेच्या ८०३ व्या कलमानुसार कॅथोलिक शाळा म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांच्या किंवा एखाद्या धर्मसंघासारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या देखरेखीखाली चालणारी अथवा अधिकाऱ्यांनी तशी लेखी मान्यता दिलेली शाळा. अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून कोणत्याही शाळेने 'कॅथोलिक शाळा' हे नाव धारण करू नये, असेही तेथे म्हटले आहे. शंका असेल तर आपल्या प्रमुख धर्मगुरूंना विचारावे. संकोच करण्याचे कारण नाही.

शाळेकडून काय अपेक्षावे?

भारतीय राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर २८ व्या अनुच्छेदानुसार, शासनमान्य वा अनुदानित संस्थेतील विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. आपल्या शाळांत इतर धर्मांची मुले मोठ्या संख्येने शिकतात. म्हणून एरवी कॅथोलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास आणि इतरांना त्याच वेळी नीतिशिक्षणाचा तास, अशी व्यवस्था केली जाते. ही योग्यच गोष्ट आहे. आपल्या मुलांना अन्यधर्मीय सोबती मिळतात आणि परस्परांविषयीचा आदर ती लहानपणीच शिकतात.

परंतु याचाच अर्थ असा की, धर्मशिक्षणासाठी शाळेकडे आठवड्यातील मोजकाच वेळ असतो. प्रथम ख्रिस्तप्रसादाची आणि दृढीकरणाची तयारी, रविवारची मिस्सा, सायंप्रार्थना हे सारे धर्मग्रामाने आणि घराने मिळून करावयाचे असते. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला शाळा हा पर्याय नव्हे.

माध्यमाचा प्रश्न

आमच्या वसई परिसरात हा प्रश्न प्रत्येक घरात चर्चिला जातो. अनेक धर्मग्रामांच्या शाळा मराठी माध्यमातून सुरू झाल्या आणि त्यांत शिकलेल्या पिढ्यांनी सर्व क्षेत्रांत नाव काढले. आज त्याच पिढ्यांची नातवंडे इंग्रजी माध्यमात जात आहेत. उच्च शिक्षण आणि नोकरी यांचा विचार करून पालक हा निर्णय घेतात; त्यांना दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

तथापि एक विनंती आहे. घरी आजीशी सामवेदी वा वाडवळी बोलीत बोलणारे मूल पहिलीत सर्वस्वी परक्या भाषेपुढे बसते, तेव्हा ते समजण्याआधी पाठ करू लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सुचविले आहे, ते याच कारणाने. इंग्रजी माध्यम निवडलेच, तर मराठीची हेळसांड होऊ देऊ नये. महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकविणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे केले आहे. पण त्या तासाकडे पालकच दुर्लक्ष करू लागले, तर कायदा काय करणार? फादर थॉमस स्टीफन्स यांनी येथील भाविकांसाठी ख्रिस्तपुराण मराठीत रचले आणि १६१६ साली ते छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या त्या येशूसंघीय धर्मगुरूंना जे उमगले, ते आपण विसरू नये. आपल्या चर्चमधील मिस्सा आणि गायने मराठीत आहेत. मुलाला ती वाचता आली नाहीत, तर ते चर्चमध्ये बसूनही बाहेरच राहते.

अर्ज भरण्यापूर्वी

शाळेत एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. कॅथोलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचे तास किती आणि ते कोण घेते, हे विचारावे. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलासाठी काय केले जाते, हेही विचारावे. निकालाच्या टक्क्यांपेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावरून शाळेचे ख्रिस्तीपण अधिक कळते. पालक-शिक्षक संघाच्या सभा वेळेवर होतात का, तक्रार ऐकून घेतली जाते का, याची चौकशी तेथील पालकांकडे करावी.

खर्चाचा विचारही आधीच करावा. अनुदानित शाळेत शिक्षकांचे वेतन शासकीय अनुदानातून मिळते. विनाअनुदानित शाळेला सारा खर्च फीमधूनच भागवावा लागतो. फी झेपत नसेल तर मुख्याध्यापकांशी आणि धर्मगुरूंशी मोकळेपणी बोलावे. विश्वपरिषदेच्या त्याच जाहीरनाम्यात, गरिबांच्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावे असे ख्रिस्तसभेच्या शाळांना सांगितले आहे. त्यामुळे ही विचारणा म्हणजे भीक मागणे नव्हे. शाळा चालविणाऱ्या आम्हा मंडळींनाही हे कर्तव्य विसरून चालणार नाही.

अंतराकडेही पाहावे. नामांकित शाळेसाठी रोज दोन-तीन तास व्हॅनमध्ये घालवणारे मूल संध्याकाळी घरच्या रोझरीला पेंगुळलेले असते. अशा वेळी जवळची साधी शाळा अधिक हिताची ठरू शकते.

तो सोबत्यांबरोबर असेल

संत लूकच्या शुभवर्तमानातील प्रसंग आपणां सर्वांना परिचित आहे. सण आटोपून परतताना बारा वर्षांचा येशू सोबत्यांबरोबर असेल असे समजून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. तो बरोबर नाही हे कळताच ती दोघे मागे फिरली आणि तिसऱ्या दिवशी तो त्यांना मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आढळला. पुढे तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या घरात ज्ञानाने वाढत राहिला.

चांगल्या शाळेत घातले म्हणजे मूल योग्य सोबतीत आहे, असे समजून आपणही वर्षानुवर्षे पुढे चालत राहतो. म्हणून रोज संध्याकाळी दहा मिनिटे तरी मुलाजवळ बसावे. आज काय शिकलास, कोणाशी भांडलास, कोणाला मदत केलीस, हे विचारावे आणि मग त्याच्याबरोबर प्रार्थना करावी. ज्या मुलीसाठी ते पत्र आम्ही दिले होते, तिच्या वडिलांना आम्ही दारापर्यंत पोहोचवताना हेच सांगितले होते. यंदा पत्रासाठी येणाऱ्या प्रत्येक पालकालाही आम्ही हेच सांगणार आहोत.

मरिया आणि योसेफ आपणां सर्व आईवडिलांसाठी विनंती करोत.