अंगणातला आंबा कोणाचा?

मुलांनो, समजा तुमचे आजोबा खडकवासल्याला राहतात. घरामागे एक जुना आंबा आहे. यंदा घर वाढवायचं ठरलं आणि काका म्हणाले, "झाड पाडून टाकू. आपल्याच जागेत तर आहे, विचारायचं कोणाला?" वखारवाल्याचा माणूसही येऊन खोडाला हात लावून गेला. आंब्याच्या फळ्यांना गिऱ्हाईक असतंच!

काकांना सांगा, जरा थांबा. विचारावं लागतं.

झाडं तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा महाराष्ट्रात १९६४ साली झाला. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर अशा झाडांची यादीच त्यात आहे. ती तुमच्या स्वतःच्या शेतात असली, तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण हा कायदा नुसता 'नाही' म्हणणारा नाही बरं का! झाड वाळलं असेल, रोगट असेल, घरावर पडण्याचा धोका असेल, तर परवानगी नाकारायची नाही, असं त्यातच म्हटलंय. पूर्ण वाढलेलं झाडही तोडू देतात. फक्त ते तीव्र उतारावर नको.

उतारावर का नको? पावसाळ्यात धरणाभोवतीचे डोंगर बघा. दाट झाडी असते तिथून पाणी दमानं उतरतं. उघड्या उतारावरून मात्र माती घेऊन धावत सुटतं. ती माती जाते कुठे? धरणात! गाळ जेवढा साचेल, तेवढी पाण्याची जागा कमी. आणि हेच पाणी पुणं पितं.

शिवाजी महाराजांचं धोरण सांगणारं 'आज्ञापत्र' रामचंद्रपंत अमात्यांनी इसवी सन १७१५ च्या सुमारास लिहिलं. आरमाराला लाकूड तर हवंच होतं. तरी त्यात बजावलंय, की साग वगैरे तोडायचा तो परवानगीनं. आंबा-फणसाला हात लावायचा नाही, कारण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेलं झाड हवं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. राजाचं आरमारसुद्धा विचारत होतं, मग काकांनी का नको?

सरकारी जंगलातला साग विकायला काढतात, तेव्हा तर मोठीच कडक तपासणी असते. आधी झाडांवर नंबर घालतात, लोखंडी हातोड्याचा शिक्का मारतात. एक शिक्का अगदी बुंध्याशी. गंमत अशी, की झाड कापून नेलं तरी तो शिक्का जमिनीतल्या थुटावर राहतो! शिक्का नसलेलं थूट दिसलं, की वनरक्षकाला चोरी कळते. लाकडाच्या ट्रकबरोबर वाहतुकीचा पास असतो, तो नाक्यावर तपासतात. एवढं करूनही चोरटी तोड होते, हे खरंच.

आता आपल्या आंब्याकडे येऊ. ३० जून २०२१ ला खडकवासला पुणे महापालिकेच्या हद्दीत आलं. आंबा होता तिथेच उभा राहिला, पण त्याच्याभोवतीचा कायदा बदलला! शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण असतं. कोणी झाड तोडायला परवानगी मागितली, तर त्याची नोटीस खुद्द झाडावर लावतात आणि लोकांच्या हरकती मागवतात. शाळेत जाताना खोडावर असा कागद दिसला, तर पुढे जाऊ नका, वाचा. हरकत कुठे पाठवायची, हे आईबाबांना विचारून तुम्हीही पत्र लिहू शकता.

२०२१ मध्ये या कायद्यात आणखी एक भर पडली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरतं. आणि परवानगी मिळून एखादं झाड तोडलंच, तर त्याचं जितकं वय, तितकी रोपं लावायची. साठ वर्षांच्या आंब्यामागे साठ!

काकांना एवढी जागा सापडेल का, ते बघू. पण त्याआधी आजोबांजवळ बसा आणि विचारा, हा आंबा लावला कोणी, आणि कोणत्या साली?