फोन पोहोचला, आधार पोहोचला काय?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. एप्रिल २०१७ मध्ये वाचलेल्यांना नव्या वसाहतीत पक्की घरे मिळाली. पडलेल्या घरांचा पंचनामा होतो, भरपाईही ठरते; परंतु आषाढातील पावसाच्या आवाजाने ज्याची झोप उडते, त्याच्या मनाचा पंचनामा कोणता तलाठी करणार?

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून अस्तित्वात आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरविला की कोणत्याही वेळी, विनामूल्य आणि मराठीतूनही समुपदेशकाशी बोलता येते. २०२४ मध्ये तिचे मोबाईल अ‍ॅपही आले. मात्र २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळलेली दरी मोठी होती : आजारागणिक शंभरातील ७० ते ९२ रुग्ण उपचारांपासून दूर होते. केवळ एका क्रमांकाने ही दरी बुजेल काय?

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांकडे पाहिले, म्हणजे अडचण ध्यानात येते. पूर्वेला नारायणगाव-मंचरचा बागायती पट्टा. तेथे फोन आहे, पण टोमॅटोचा भाव कोसळल्यावर लागलेली तळमळ हे दुखणे असू शकते, हे कोणी सांगितलेले नाही. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी वाड्या; तेथे पावसाळ्यात फोनचा भरवसा नाही. शिवाय घरातील एकुलता एक फोन बहुधा कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो. दोन खोल्यांच्या घरात सुनेने आपले दुःख कोणत्या कोपऱ्यात जाऊन सांगावे?

या प्रश्नाचे एक उत्तर नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात शोधले गेले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने २०१३ पासून तेथील ४१ गावांत ‘आत्मीयता’ प्रकल्प राबविला. गावातीलच विश्वासू माणसांना प्रशिक्षण देण्यात आले आणि त्यांच्या हाती स्मार्टफोन देण्यात आला. त्यावरील लघुपट पाहता पाहता समोरचा माणूस बोलता होई. पुढे काही भेटींत त्याचे ऐकून घेतले जाई; दुखणे गंभीर वाटल्यास त्याला सरकारी दवाखान्याची वाट दाखविली जाई. पुढे गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. येथे यंत्राने माणसाची जागा घेतली नाही. ओळखीच्या माणसाच्या हातून ते घरात शिरले.

हा धडा घ्यायचा, तर आशा सेविकांवर आणखी एक बिनमोल काम लादून भागणार नाही. या कामाला रीतसर मोबदला हवा, ऐकलेले गुपित राखण्याची शिस्त हवी आणि पाठविलेल्या रुग्णाला मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ भेटेल, याची हमी हवी. अ‍ॅप किती जणांनी उतरवून घेतले, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. किती जणांना पुन्हा शांत झोप लागली, हे विचारणारी व्यवस्था उभी राहील, तेव्हाच त्या आकड्याला अर्थ येईल.