वाघ किती ते कळलं. कुठे, ते गावाने शिकावं

बोडीखालच्या बांधीत धान हिरवागार आणि टेकाडावरच्या बांधीत करपलेला, हे तुम्ही दरवर्षी बघता. दोन्हींची सरासरी काढली तर ती एकाही बांधीला लागू पडत नाही. आकड्याबरोबर जागा सांगितली नाही तर आकडा अर्धवटच राहतो. जवळच्या जागा एकमेकींसारख्या, दूरच्या वेगळ्या, हा तुमचा रोजचा अनुभव. त्यावरच एक शास्त्र उभं आहे. त्याला अवकाशीय सांख्यिकी म्हणतात. नाव जड आहे, पण अर्थ साधा आहे : जागेसकट हिशेब.

हा हिशेब आपल्याकडे जिवाशी येऊन ठेपला आहे. देशव्यापी गणनेत महाराष्ट्रात २०१४ साली १९०, २०१८ साली ३१२ आणि २०२२ साली ४४४ वाघांचा अंदाज निघाला. ताडोबाच्या बाहेरही, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या भागात वाघ आहेत. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपानाला माणूस पहाटेच रानात शिरतो. ‘राज्यात ४४४’ हे ऐकून त्याच्या काय कामाचं? त्याला आज कोणत्या बाजूला जायचं, हे हवं असतं.

वाघ मोजतात कसे?

जंगलात ठराविक अंतरावर कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे फोटोवरून वाघ ओळखता येतो. पण कॅमेऱ्यात आला नाही म्हणजे वाघ नाहीच, असं कसं म्हणणार? वाघाचा वावर कॅमेऱ्यापासून जितका दूर, तितका तो कॅमेऱ्यात येण्याचा संभव कमी. हे अंतर हिशेबात धरून, न दिसलेल्या वाघांचाही अंदाज बांधतात. ही रीत न्यूझीलंडचे मरे एफर्ड यांनी २००४ साली मांडली आणि त्यासाठी संगणकाची आज्ञावलीही लिहिली. ती ‘आर’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालते. ‘आर’सुद्धा तिकडचंच. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ते १९९० नंतरच्या दशकात तयार केलं. आज ते कुणालाही फुकट मिळतं. मोठमोठे शास्त्रज्ञ जे वापरतात, तेच गावातल्या पोराच्या संगणकावर चालतं.

शिकायचं कुठे?

मुंबईच्या आयआयटीने सुरू केलेले ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ साधारण दहा-दहा मिनिटांचे आहेत. त्यात ‘आर’ही आहे आणि नकाशे काढायचं ‘क्यूजीआयएस’ही. अनेक विषयांचे पाठ मराठी आवाजात मिळतात. पाठ उतरवून ठेवता येतात, म्हणजे रेंज नसलेल्या गावातही अभ्यास होतो. पुढे जायचं असेल तर इस्रोची देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरशिक्षणाचे वर्ग घेते. ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावर सांख्यिकीचे अभ्यासक्रम आहेत. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी. आधी नकाशा शिका, मग ‘आर’. उलटं केलं की पोरं कंटाळतात.

तीन चुका टाळा

पहिली : अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. गडचिरोली अंदाजे २० अंश उत्तर, ८० अंश पूर्व. आकडे उलटे भरले तर आपलं गाव थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जाऊन पडतं!

दुसरी : अंशात अंतर मोजणं. आपल्याकडे उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम सुमारे १०४. म्हणून नकाशा आधी मीटरमध्ये बदलून घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी ‘यूटीएम झोन ४४ उत्तर’ निवडा.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी, आणि ती सॉफ्टवेअर दाखवत नाही. समजा, रस्त्याकडेच्या कक्षात वाघ दिसल्याच्या १० नोंदी आहेत आणि आतल्या कक्षात फक्त २. नकाशा रस्त्याकडेला लाल रंग देईल. पण रस्त्याकडे २०० माणसं गेली आणि आत १०च गेली असतील तर? रस्त्याकडे २० माणसांमागे एक नोंद, आत ५ माणसांमागे एक. म्हणजे धोका आत चौपट! किती माणसं कुठे गेली, हे उपग्रहाला दिसत नाही. ते गावालाच माहीत असतं.

म्हणूनच हे शिक्षण गावात यायला हवं. बाहेरचा माणूस नकाशा घेऊन आला, तर त्यावर प्रश्न विचारणारं कुणीतरी ग्रामसभेत असलं पाहिजे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे त्या गावाच्या अभ्यास गटांची वर्षानुवर्षांची बैठक होती. तसाच एक गट याही विषयाचा करा. चार पोरं-पोरी, ग्रामपंचायतीचा एक संगणक आणि आठवड्यातली एक संध्याकाळ, एवढ्यावर सुरुवात होते.

ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना एक विनंती. संगणकाची वाट बघू नका. आजच एक वही घाला : तारीख, वेळ, मोबाईलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, काय घडलं, आणि त्या दिवशी त्या बाजूला किती माणसं गेली होती. पाचवा रकाना विसरू नका. ‘आर’ नंतर शिकता येईल. न लिहिलेला दिवस मात्र परत येत नाही.