मुखवट्याआडचा वैद्य

श्रोतेहो, दुसऱ्याच्या मनाची गांठ सोडविणाऱ्यानें स्वतःचें मन कुलपांत ठेवावें काय? या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं एका वैद्याला मुखवटा घालावा लागला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

सन १९७२ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील डॅलस शहरीं तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघाचें अधिवेशन भरलें होतें. त्या काळीं संघाच्या अधिकृत रोगसूचींत समलिंगी प्रेमाची गणना मनोविकारांत होत असे. साहजिकच जो वैद्य स्वतः तसा असेल, तो आपल्याच शास्त्राच्या दृष्टीनें रोगी ठरे. आणि तें उघड झाल्यास नोकरी जाण्याची धास्ती असे. समलिंगी जनांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या बार्बरा गिटिंग्ज यांना चर्चेसाठीं असाच एक वैद्य हवा होता. अनेकांनीं नकार दिला. शेवटीं डॉ. जॉन फ्रायर तयार झाले, पण ओळख लपविण्याच्या अटीवर. चेहऱ्यावर मुखवटा, डोक्यावर केसांचा टोप, अंगांत ढगळ पोशाख आणि समोर आवाज बदलणारा ध्वनिक्षेपक, अशा थाटांत त्यांनीं सभेला सांगितलें कीं, मी समलिंगी आहें आणि मानसोपचारतज्ज्ञहि आहें.

रोगी व वैद्य हे भेद एकाच माणसांत गळून पडलेले सभेनें पाहिले. एव्हेलिन हूकर यांच्या १९५७ च्या संशोधनासारखे शास्त्रीय पुरावे व चळवळीचा रेटा यांची जोड होतीच. डिसेंबर १९७३ मध्यें संघाच्या विश्वस्तांनीं समलिंगी प्रेम हा स्वतःच विकार होय, हें मत रद्द केलें. फ्रायर यांनीं अधिवेशनापुढें आपलें नांव मात्र १९९४ सालीं प्रकट केलें.

आपण आहों तसें असणें म्हणजे रुग्णापुढें आत्मचरित्र वाचणें नव्हे. प्रश्न अवधानाचा आहे. अर्धें मन दारावर पहारा देत असेल, तर ऐकावयास अर्धेंच उरतें. मेंदूची घडण निराळी असलेल्या समुपदेशकाचेंहि तसेंच. नजरेला नजर देणें ज्याला जड जातें, तो चारचौघांसारखा दिसण्याच्या खटपटींतच थकून गेला, तर समोरच्याचें दुःख त्यानें केव्हां ऐकावें?

मी जन्मभर मास्तरकी केली. वर्गांतील एका हळव्या मुलाला ‘जरा पुरुषासारखा वाग’ असें मीं अनेकदां बजाविलें. आज तो मानसोपचाराचा व्यवसाय करतो. सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांचें परस्परसंमतीचें समलिंगी प्रेम गुन्ह्यांतून मुक्त केलें, त्यानंतर तो घरीं येऊन गेला. आपण कोण आहों, हें त्यानें शांतपणें सांगितलें. जातांना म्हणाला, “सर, तुमच्या वर्गांत मी अभिनय फार चांगला शिकलों.”

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. आपल्या घरांतील मुलावर असा अभिनय शिकण्याची पाळी येऊं नये, एवढें पाहणें, श्रोतेहो, आपल्या हातीं आहे.