ज्येष्ठतेचा न सुटणारा तिढा

सरकारी कचेरीतील ज्येष्ठतायादी बाहेरच्या माणसास नीरस वाटते. आत बसलेल्याचे सारे भवितव्य तिच्यातील एका क्रमांकावर अवलंबून असते. खालून चढत आलेला अधिकारी अनुभवाचा दाखला देतो, स्पर्धापरीक्षेतून थेट आलेला गुणवत्तेचा. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

महाराष्ट्रातील उपअभियंत्यांचा वाद या बाबतीत बोलका आहे. सेवेत कायम केल्याच्या तारखेवर ज्येष्ठता ठरविणारा नियम १९७७ साली पटवर्धन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. कायम करणे सरकारच्या मर्जीचे. मग त्यावर कोणाचा क्रम कसा ठरावा, असा न्या. यशवंत चंद्रचूड यांचा रोख होता. १९९० मध्ये घटनापीठाने निर्वाळा दिला की, नियमानुसार नेमणूक झाली की ज्येष्ठता त्याच दिवसापासून. केवळ तात्पुरती सोय म्हणून नियमबाह्य दिलेली बढती मात्र जमेस धरावयाची नाही.

एवढ्याने तरी प्रश्न मिटावा? २०१२ च्या परमार निकालाने थेट भरतीवाल्यांस भरतीप्रक्रिया सुरू झाल्या वर्षाची ज्येष्ठता दिली. म्हणजे सेवेत पाऊल टाकण्याआधीच ज्येष्ठ! २०१९ मध्ये मणिपूरच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रकरणात तो निकाल फिरला. आधी ठरलेले क्रम मात्र तसेच राहिले.

सारा दोष न्यायालयांवर ढकलून भागणार नाही. थेट भरतीच्या जागा रिकाम्या ठेवून त्यांवर हंगामी बढत्या द्यावयाच्या आणि याद्या कपाटात ठेवावयाच्या, हे खात्यांचेच कर्तृत्व. गोव्याच्या नागरी सेवेतही अधिकारी दोन्ही वाटांनी येतात. येथे तरी दरवर्षी अंतिम यादी लागावी. निवृत्तीच्या उंबरठ्यावर वकिलाचे जिने चढण्याची पाळी कोणावर येऊ नये.