बैलाच्या वशिंडावर कायद्याचा हात : जलिकट्टूची परवानगी आली कुठून?

पोंगलच्या दिवसांत मोबाईलवर जलिकट्टूचे व्हिडिओ फिरू लागतात. यंदा आमच्या नववीच्या वर्गातही ते पोहोचले. नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने विचारले, "सर, याच्यावर तर सुप्रीम कोर्टाने बंदी घातली होती ना? मग हे चालू कसं?" आम्ही उत्तर देणार तोच मागच्या बाकावरून दुसरा बोलला. त्याचे वडील कुरैशी, घराण्याचा धंदा जनावरांचा. तो म्हणाला, "तिकडे बैलाच्या अंगावर पन्नास जण उड्या मारतात, तर परवानगी. आमच्याकडे म्हातारा बैल गाडीत दिसला तरी केस." वर्ग हसला, पण तो हसला नाही.

घंटा झाली म्हणून त्या दिवशी आम्ही सुटलो. मात्र दोन्ही सवाल बरोबर होते आणि घरोघरी हेच बोलले जाते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खेळ काय ते पाहू. तमिळनाडूत, विशेषतः मदुराई जिल्ह्यात, पोंगलला अवनियापुरम, पालमेडू आणि अलंगानल्लूर या गावांत जलिकट्टू भरतो. 'वाडिवासल' नावाच्या चिंचोळ्या दरवाजातून बैल मोकळा सोडतात. समोरच्या तरुणाने त्याचे वशिंड धरून ठरावीक अंतरापर्यंत लटकून राहायचे. राहिला तर तो जिंकला, पडला तर बैल जिंकला. पूर्वी शिंगांना नाण्यांची पुरचुंडी बांधत, त्यावरूनच हे नाव पडले असे सांगतात. स्पेनसारखे इथे बैलाला मारत नाहीत. पण माणसे दरवर्षी जखमी होतात, काही दगावतातही. त्यांत कडेला उभे राहून बघणारेही असतात.

आता कायदा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम २२ नुसार कोणत्या प्राण्यांचे खेळ करायचे नाहीत, ते केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवते. वाघ, सिंह, अस्वल, माकड त्या यादीत होतेच. ११ जुलै २०११ रोजी त्यात बैलही आला. मग ७ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने नागराजा खटल्यात निकाल दिला की जलिकट्टू आणि बैलगाडी शर्यती दोन्ही बंद, तमिळनाडूत, महाराष्ट्रात आणि देशात इतरत्रही. शेपटी पिरगाळणे, चावणे, डोळ्यांत तिखट टाकणे, दारू पाजणे असे प्रकार प्राणी कल्याण मंडळाने कोर्टापुढे ठेवले होते. तमिळनाडूने २००९ मध्ये केलेला स्वतःचा जलिकट्टू कायदाही केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरवून कोर्टाने रद्द केला.

म्हणजे पहिल्या मुलाचे बरोबर होते. बंदी होती, आणि चांगली कडक होती.

मग निवडणूक आली. २०१६ च्या मे महिन्यात तमिळनाडू विधानसभेचे मतदान व्हायचे होते. अण्णाद्रमुक आणि द्रमुक एरवी एकमेकांचे तोंड बघत नाहीत, पण जलिकट्टू पाहिजे यावर दोघांचे एकमत. दिल्लीत सत्तेवर असलेल्या भाजपलाही त्या राज्यात पाय रोवायचे होते. ७ जानेवारी २०१६ रोजी, पोंगलला आठवडा राहिला असताना, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नवी अधिसूचना काढली. बैल यादीत राहील, पण जलिकट्टूला आणि महाराष्ट्र, कर्नाटक, पंजाब, हरियाणा, केरळ, गुजरातमधल्या बैलगाडी शर्यतींना सूट. अटी अशा की शर्यतीची धाव दोन किलोमीटरपेक्षा जास्त नको, जलिकट्टूचा बैल दरवाजातून बाहेर पडल्यावर पंधरा मीटरच्या आतच धरला पाहिजे, आधी पशुवैद्यकीय तपासणी हवी. तमिळनाडूत फटाके फुटले, पेढे वाटले गेले.

पाचव्या दिवशी, १२ जानेवारीला, सुप्रीम कोर्टाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. त्या साली पोंगल कोरडाच गेला.

आमच्या स्टाफरूममध्ये एकाने विचारले होते, "निवडणुकीच्या तोंडावर असा निर्णय आचारसंहितेत बसतो का?" इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. आचारसंहिता लागू होते ती निवडणूक आयोगाने तारखा जाहीर केल्यापासून. तमिळनाडूच्या त्या निवडणुकीच्या तारखा ४ मार्च २०१६ रोजी जाहीर झाल्या, म्हणजे अधिसूचनेनंतर जवळपास दोन महिन्यांनी. त्यामुळे आयोगाला तिथे बोलायला जागाच नव्हती. निवडणुकीचा मोसम आधी सुरू होतो, आचारसंहिता मागून येते. सरकारांना हे अंतर चांगले ठाऊक असते, कोणत्याही पक्षाचे असोत. आचारसंहिता लागल्यावर जत्रा, उरूस, शर्यती आपोआप बंद होत नाहीत. नेहमीची परवानगी घेऊन त्या होतात, फक्त तिथे प्रचार करायचा नाही, आणि मतदारांवर प्रभाव पडेल असा नवा निर्णय सरकारने जाहीर करायचा नाही.

कोर्टाने स्थगिती दिली ती मात्र निवडणुकीमुळे नव्हे. ज्या कायद्याचा अर्थ लावून २०१४ चा निकाल झाला, तो कायदा होता तसाच होता. कायदा न बदलता मंत्रालयाच्या एका कागदाने निकालाला वळसा घालता येईल का, असा तो मसला होता. आम्ही मुलांना सांगतो, हेडमास्तरांनी परिपत्रक काढून बोर्डाचा अभ्यासक्रम बदलत नसतो.

आणि सियासी फायदा? मेमध्ये मतदान झाले. जयललितांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आला, भाजपला एकही जागा मिळाली नाही.

खरी परवानगी आली पुढच्या वर्षी, निवडणूक नसताना. १७ जानेवारी २०१७ पासून चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हजारो विद्यार्थी बसले. नेता नाही, पक्षाचा झेंडा नाही. त्यात मुस्लीम तरुणही होते. तिथेच वाळूवर नमाज अदा केल्याची छायाचित्रे तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. २१ तारखेला राज्याने अध्यादेश काढला, २३ ला विधानसभेने विधेयक मंजूर केले आणि महिनाअखेर राष्ट्रपतींची संमती मिळाली. मात्र २३ तारखेलाच पोलिसांनी किनारा रिकामा करायला घेतला आणि शेवट लाठ्या, जाळपोळीत झाला, हेही सांगायला हवे.

या खेपेला राज्याने स्वतंत्र कायदा केला नाही, केंद्राच्या १९६० च्या कायद्यातच राज्यापुरती दुरुस्ती केली. प्राण्यांवरील क्रूरता रोखणे हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याच्या आड येत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाली की त्या राज्यात राज्याचाच कायदा चालतो. हे कलम २५४. २००९ च्या कायद्याकडे हे कवच नव्हते, २०१७ च्या कायद्याकडे होते.

हीच वाट धरून कर्नाटकाने कंबाळासाठी आणि महाराष्ट्राने बैलगाडी शर्यतीसाठी दुरुस्त्या केल्या. आपल्याकडचा कायदाही २०१७ चाच. पण मुंबई हायकोर्टाने शर्यती रोखल्या, प्रकरण दिल्लीला गेले आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाच्या अंतरिम आदेशाने खेड, आंबेगाव, जुन्नरचे घाट पुन्हा वाजू लागले. आज शर्यत भरवायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गावच्या यात्रा कमिटीत आपलेही लोक असतात, काहींच्या दावणीला शर्यतीचे खोंडही आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. "आमदारसाहेब बोललेत, होऊन जाऊ द्या" हा कागद नव्हे.

शेवटी १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. जलिकट्टू ही तमिळ संस्कृती आहे की नाही, हे कोर्टाने स्वतः ठरवले नाही. विधिमंडळाने तसे म्हटले आहे, त्यात आम्ही पडणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. कायद्यातल्या अटी काटेकोर पाळायला लावण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली. २०१४ मध्ये संस्कृतीचा दावा तपासणारे कोर्ट २०२३ मध्ये तो सभागृहावर सोपवून मोकळे झाले. आम्हाला हे खटकते. बैलाचे दुखणे तर तेच राहिले, नियमांनी ते कमी झाले असेल एवढेच. पण आज कायदा असा आहे.

आता मागच्या बाकावरचा सवाल. १९६० च्या त्याच कायद्यात कलम २८ आहे. कोणत्याही समाजाच्या धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने प्राणी मारणे हा या कायद्याखाली गुन्हा नाही, असे ते म्हणते. बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, मग आम्हाला का अडवता? कारण आपल्याला अडवणारा कायदा दुसराच आहे. तो म्हणजे महाराष्ट्र प्राणी रक्षण कायदा, १९७६ चा. त्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी घालणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केली. ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पडून राहिली आणि मार्च २०१५ मध्ये लागू झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. म्हशीचा त्यात समावेश नाही.

कोर्टात आपला समाज गेला नाही असे नाही. १९५८ च्या हनीफ कुरैशी खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटले की बकरी ईदला गायच कुर्बान करणे बंधनकारक नाही, बकरी किंवा उंटही चालतो. पण कामातून गेलेल्या बैलांवरची सरसकट बंदी त्याच निकालाने अमान्य केली होती. ही मुभा २००५ पर्यंत टिकली. त्या वर्षी मिर्झापूर मोती कुरैशी खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने, एक विरुद्ध सहा मतांनी, गुजरातची संपूर्ण बंदी उचलून धरली. म्हातारा बैलही शेणाच्या रूपाने उपयोगी असतो, हा त्यातला एक आधार. मुंबई हायकोर्टाने ६ मे २०१६ रोजी महाराष्ट्रातली कत्तलबंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेरून आलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. हा आदेश घरोघरी माहीत असायला हवा होता, पण तो नाही.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. बैल पकडायची इजाजत विधिमंडळाने दिली आणि बैल कापायची मनाई विधिमंडळाने केली. दोन्हींवर राष्ट्रपतींची सही आहे, दोन्ही वेळा कोर्टाने सभागृहाचे ऐकले. त्या मुलाला वाटते कोर्ट दोन मापांनी मोजते. आम्हाला वाटते माप सभागृहात ठरते, आणि सभागृहात डोकी मोजली जातात. तमिळनाडूत त्या बाजूने सारे पक्ष होते. इकडे कुरैशी एकटे आहेत. भाकड बैल विकता येत नाही म्हणून जो शेतकरी रडतो, तोही उघडपणे त्यांच्या बाजूने बोलत नाही, मग त्याचे आडनाव काहीही असो.

म्हणून प्रचाराच्या दिवसांत कोणी मोहल्ल्यात येऊन "निवडून द्या, जनावरांच्या कायद्यात ढील देतो" म्हणाला, तर त्याला चहा जरूर पाजावा आणि विचारावे : भाईसाब, देणार कशाने? अधिसूचनेने द्याल तर पाच दिवसांत काय होते ते देशाने पाहिले आहे. अध्यादेशाने द्याल तर पुढे सभागृहात तो मंजूर करून घ्यावा लागेल. दुरुस्ती विधेयकाने द्याल तर तुमच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात ते लिहिले आहे का?

पुढच्या तासाला आम्ही फळ्यावर तीन शब्द लिहिले : अधिसूचना, अध्यादेश, अधिनियम. मुलांनी वहीत उतरवून घेतले. मागच्या बाकावरच्याने हात वर केला.

"सर, विधेयक फक्त मंत्रीच मांडू शकतो का?"

नाही, आम्ही म्हणालो, साधा आमदारही मांडू शकतो. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. त्याने चौथा शब्द स्वतःच लिहून घेतला.